प्रिंटर बिघडला नाही, ड्रायव्हर गेलाय! घरच्या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर कधी अपडेट करायचे अन् कधी हात लावायचा नाही

गेवराई (प्रतिनिधी) : आपल्या तालुक्यात आता बऱ्याच घरात एखादा सेकंड हँड कॉम्प्युटर नाहीतर लॅपटॉप आलेला आहे. कुणी पोरीच्या एमएस-सीआयटीसाठी घेतला, कुणी पोराच्या ऑनलाईन अर्जासाठी, तर कुणी घरातच झेरॉक्स-प्रिंटचं छोटं काम चालू केलंय. हे यंत्र चालतंय तोवर कुणी विचारत नाही. पण ऐन मुदतीच्या दिवशी प्रिंटर रुसला की घरभर पळापळ होते. मग मोटारसायकलला कॅरियर बांधायचं, डबा गोणपाटात गुंडाळायचा अन् गेवराईचा रस्ता धरायचा. उमापूर, तलवाडा, चकलांबा, जातेगाव, कुठूनही निघा, दिवस मोडतोच.

यातली बरीच दुरुस्ती ही दुरुस्ती नसतेच. यंत्र चांगलं असतं, फक्त त्याचा ‘ड्रायव्हर’ नसतो नाहीतर चुकीचा असतो. हा ड्रायव्हर म्हणजे काय, तो घरी बसून कसा टाकायचा अन् त्याच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीतून कसं वाचायचं, ते या लेखात साध्या भाषेत सांगतो. आधी आमच्याच घरचं सांगतो, कारण हे शिक्षण मी पैसे मोजून घेतलेलं आहे.

आमच्या घरी काय झालं?

जुलै महिना होता. पीक विमा भरायला तीन दिवस उरले होते. विम्याचा अर्ज शेतकऱ्याला स्वतः भरता येतो, म्हणून आम्ही घरीच भरायचं ठरवलं. पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र प्रिंट काढायचं, सही करायची, सातबारा अन् पासबुकासोबत स्कॅन करून टाकायचं, एवढंच काम. पण आठ दिवसांपूर्वीच कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणून दुकानातून फॉरमॅट करून आणला होता. घरी आणून जोडला तर अक्षरं ही मोठमोठी, आवाज बंद, वायफाय दिसेना अन् प्रिंटर तर ओळखच दाखवीना.

परत दुकानात नेला. तिथल्या माणसाने प्रिंटर चालू-बंद करून पाहिला अन् म्हणाला, “बोर्ड गेलंय, अडीच हजार लागतील, चार दिवसांनी या.” चार दिवसांनी विम्याची मुदत संपणार होती. मी तसाच घरी आलो. मोबाईलवर प्रिंटरचं नाव टाकून शोधलं, सगळ्यात वर जे आलं ते उघडलं अन् फाईल पेन ड्राइव्हमध्ये घेऊन कॉम्प्युटरला लावली. लाल रंगात पाटी आली की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सत्तेचाळीस ड्रायव्हर खराब आहेत, पैसे भरा. मी कार्ड काढायला उठलो होतो. बारावीतली लेक म्हणाली, “पप्पा, थांबा. प्रिंटर एक, स्पीकर एक, वायफाय एक. सत्तेचाळीस कुठून आले?”

तिथं माझे डोळे उघडले. तिने मोबाईल वायरने कॉम्प्युटरला जोडून नेट चालू केलं, विंडोजचं अपडेट लावलं, प्रिंटरच्या कंपनीच्या साईटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवला. अर्ध्या तासात प्रिंट बाहेर आली. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. विमा मुदतीत भरला. गेला तो एक दिवस, पेट्रोल अन् माझा तोरा.

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचा मुकादम

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. साखर कारखाना प्रत्येक कोयत्याला ओळखत नाही. कारखाना मुकादमाला सांगतो, मुकादम टोळीला सांगतो. कुणाला कुठल्या फडात लावायचं, गाडी कधी भरायची, हे मुकादमालाच माहीत. मुकादम पळून गेला तर कारखानाही जागेवर अन् टोळीही जागेवर, पण ऊस काही तुटत नाही.

कॉम्प्युटरमध्ये विंडोज म्हणजे कारखाना. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय, स्पीकर, अंगठ्याचं यंत्र ही टोळी. अन् ड्रायव्हर म्हणजे मधला मुकादम. तो एक लहान प्रोग्राम असतो. विंडोजने “छाप” म्हटलं की त्या मॉडेलच्या प्रिंटरला कळेल अशा भाषेत तो हुकूम पोचवतो. प्रत्येक मॉडेलचा मुकादम वेगळा. एचपीचा कॅननला चालत नाही, अन् एकाच कंपनीच्या दोन मॉडेललाही एकच चालेल असं नाही.

फॉरमॅट केल्यावर कारखाना नवा उभा राहतो, पण जुने मुकादम पुसले जातात. काही मुकादम विंडोज स्वतःच सोबत आणतं, म्हणून माऊस-कीबोर्ड लगेच चालतात. बाकीचे आपल्याला बोलवावे लागतात. फॉरमॅटनंतर अक्षरं मोठी दिसली, आवाज गेला, वायफायची खूण गायब झाली तर घाबरू नका. यंत्र मेलेलं नाही, मुकादम आलेला नाही.

बिघाड यंत्राचा की ड्रायव्हरचा? आधी हे बघा

दुकानात न्यायच्या आधी पाच मिनिटं द्या.

स्टार्टच्या बटणावर माऊसचं उजवं बटण दाबा. यादी येईल, त्यात ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडा. कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या यंत्रांची हजेरी तिथं दिसते.

१) एखाद्या नावावर पिवळा त्रिकोण अन् आत उद्गारचिन्ह दिसलं, किंवा ‘अननोन डिव्हाइस’ असं नाव आलं, तर यंत्र जोडलेलं आहे पण ड्रायव्हर नाही किंवा नीट बसलेला नाही.

२) नावावर खाली तोंड केलेला बाण दिसला तर ते यंत्र कुणीतरी बंद करून ठेवलंय. त्यावर उजवं बटण दाबून ‘इनेबल’ करा.

३) वायर काढून लावली तरी यादीत काहीच हलत नाही, तर मग वायर, यूएसबीची जागा किंवा यंत्र तपासा. आधी वायर बदलून बघा, कारण ती सगळ्यात स्वस्त.

प्रिंटरच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. प्रिंटरची वायर एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज कधीकधी त्याला नवा प्रिंटर समजतं अन् त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लिहून दुसरी नोंद करतं. आपण जुन्या नावावर प्रिंट देत बसतो अन् तो ‘ऑफलाईन’ दाखवतो. अशा वेळी वायर पहिल्या खाचेत लावा किंवा नव्या नावावर प्रिंट द्या. इथं ड्रायव्हरचाही दोष नाही.

नेटच नाही, मग ड्रायव्हर आणायचा कुठून?

फॉरमॅटनंतर वायफायचाच ड्रायव्हर नसला तर नेट नाही, अन् नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. विहिरीत पाणी आहे पण मोटारीला लाईट नाही, अशी गत. याला तोड आपल्या खिशातच आहे.

अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शनमध्ये जाऊन हॉटस्पॉट अन् टेदरिंग उघडा, त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. याचा ड्रायव्हर बहुतेक वेळा विंडोजमध्ये आधीच असतो, त्यामुळे मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला मिळतं. एकच ध्यानात ठेवा, काही स्वस्तातल्या वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डाटा जात नाही. टेदरिंगचा पर्याय दाबताच येत नसेल तर वायर बदला.

ड्रायव्हर घ्यायच्या तीन जागा, याच क्रमाने

पहिली जागा : विंडोज अपडेट. सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा अन् पंधरा-वीस मिनिटं धीर धरा. बरेच ड्रायव्हर आपोआप येतात. काही ‘ऑप्शनल अपडेट्स’ या खान्यात थांबून राहतात. विंडोज ११ मध्ये हा खाना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’च्या आत आहे. तिथं अडलेल्या यंत्राचं नाव दिसलं तर तेवढ्यावरच टिक करा.

दुसरी जागा : यंत्र बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची साईट. लॅपटॉप असेल तर खाली चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल अन् सिरीयल नंबर असतो. डेलमध्ये त्याला ‘सर्व्हिस टॅग’ म्हणतात. कंपनीच्या सपोर्टच्या पानावर तो टाकला की त्याच मशीनचे ड्रायव्हर समोर येतात. प्रिंटरचं पूर्ण मॉडेल बघून घ्या, शेवटचं एक अक्षर चुकलं तरी दुसराच ड्रायव्हर उतरतो. विंडोज १० आहे की ११ अन् ३२ बिट आहे की ६४, हेही विचारतात. ते सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’खाली ‘अबाऊट’मध्ये लिहिलेलं असतं.

तिसरी जागा : यंत्रासोबत आलेली सीडी. आता बऱ्याच मशीनला सीडी लावायची सोयच नसते अन् सीडीतला ड्रायव्हर जुना असतो, म्हणून ही शेवटी. तरी ती फेकू नका.

चौथी जागा नाही. गुगलवर सगळ्यात वर ‘जाहिरात’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ लिहून जे येतं, ते उघडू नका.

प्रिंटरचा ड्रायव्हर टाकताना अजून एक. बऱ्याच प्रिंटरमध्ये फाईल आधी चालवायची असते अन् ती सांगेल तेव्हाच वायर लावायची असते. आपण आधीच वायर लावून ठेवतो अन् मग अर्धवट ड्रायव्हर बसतो. कंपनीच्या पानावर ‘फुल’ अन् ‘बेसिक’ असे दोन पर्याय असतील अन् मोबाईलचा डाटा कमी असेल, तर बेसिक घ्या. साधं छापायचं काम त्यात होतं. स्कॅनरचा वेगळा ड्रायव्हर लागतो का, तेवढं त्याच पानावर बघा.

अंगठ्याच्या यंत्राचं वेगळं आहे

आपल्याकडे अनुदानाची केवायसी, पीएम किसानची केवायसी, पेन्शनवाल्या आजोबांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, अशा किती कामात अंगठा लागतो. घरातच केंद्र चालवणाऱ्या पोरांनी हे समजून घ्यावं.

अंगठ्याच्या यंत्राला दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरने यंत्र ओळखावं म्हणून. दुसरी ‘आरडी सर्व्हिस’, म्हणजे आधारच्या यंत्रणेने ते नोंदणी केलेलं यंत्र मानावं म्हणून. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्र नीट दिसतंय, आतला दिवाही लागतोय, तरी अंगठा घेत नाही, असं झालं तर बहुतेक आरडी सर्व्हिस बंद तरी असते, जुनी तरी असते, नाहीतर तिची मुदत तरी संपलेली असते. तिथं ड्रायव्हर दहा वेळा टाकून उपयोग नाही.

अन् तिसरी गोष्ट यंत्राच्या दर्जाची. आधारने जुनी ‘एल-०’ दर्जाची यंत्रं मागे टाकून ‘एल-१’ दर्जाची आणली आहेत. मंत्रा कंपनीचं एमएफएस १०० हे जुन्या दर्जाचं अन् एमएफएस ११० हे एल-१ चं. म्हणून कुणी स्वस्तात सेकंड हँड यंत्र देत असेल तर आधी पाठीमागचं मॉडेल वाचा. ड्रायव्हरने जुनं यंत्र नवं होत नाही.

कधी हात लावायचा नाही

आता उलटी बाजू. ड्रायव्हर अपडेट करणं चांगलं, असं सरसकट नाही. प्रिंटर नीट छापतोय, आवाज येतोय, नेट चालतंय, तर आहे तसं राहू द्या. चालत्या मोटारीचं झाकण कुणी उघडत नाही. तीन वेळेलाच ड्रायव्हरकडे बघायचं : यंत्र चालत नसेल तेव्हा, नवीन विंडोज टाकलं तेव्हा, किंवा कंपनीने सुरक्षेसाठी अपडेट करा असं सांगितलं तेव्हा.

चुकीच्या अपडेटने काय होतं ते अख्ख्या जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राऊडस्ट्राईक नावाच्या अमेरिकन कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात, ड्रायव्हरच्या रूपात चालतं. त्यासाठी पाठवलेली एक अपडेट फाईल सदोष निघाली अन् मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. विमानं रखडली. आपल्या देशातल्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या हातून असं होतं, तर मुदतीच्या आदल्या रात्री आपण कशाला उचापत करायची?

म्हणून हे नियम पाळा :

– मुदतीच्या आदल्या दिवशी अपडेट नाही. काम झाल्यावर करा.

– लाईटचा भरवसा असेल तेव्हाच करा. लॅपटॉप असेल तर आधी पूर्ण चार्ज करा. अर्ध्यात लाईट गेली तर नसती डोकेदुखी होते.

– ‘बायोस अपडेट’ असं नाव दिसलं तर घरी हात लावू नका. ते ड्रायव्हरच्या यादीतच दिसतं, पण काम वेगळं आहे. त्यात मध्येच लाईट गेली तर मशीन चालूच न होण्याची भीती असते.

– आधी परतीची वाट करून ठेवा. स्टार्टमध्ये ‘रिस्टोर पॉइंट’ लिहून शोधा, ‘क्रिएट’ दाबा. ते बटण दबत नसेल तर तिथंच ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू करा.

– एका वेळी एकच ड्रायव्हर. चार एकदम टाकले तर कुणामुळे बिघडलं ते कळत नाही.

बिघडलंच तर मागे कसं यायचं?

नवा ड्रायव्हर टाकल्यावर यंत्र बंद पडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर दोनदा क्लिक करा. ‘ड्रायव्हर’ या खान्यात ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असं बटण आहे. ते दाबलं की जुना मुकादम परत कामावर येतो. बटण फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, मग रिस्टोर पॉइंट वापरा. कॉम्प्युटर चालूच होत नसेल तर ‘सेफ मोड’मध्ये चालू करून हेच करता येतं. त्यात विंडोज मोजकेच ड्रायव्हर घेऊन उठतं. एवढं करूनही जमलं नाही, तर मग दुकान.

फसवणूक ओळखा

ड्रायव्हरच्या नावाखाली लुटायचे दोन धंदे जास्त चालतात. एक म्हणजे आम्हाला दिसला तो, फुकट तपासणी करून भरमसाट आकडा दाखवायचा अन् पैसे मागायचे. विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरला पैसे पडत नाहीत, प्रिंटर-लॅपटॉपच्या कंपन्याही साईटवर ड्रायव्हर फुकटच ठेवतात. त्यामुळे पैसे मागितले की खिडकी बंद करा.

दुसरा धंदा जास्त घातक. प्रिंटरचा कस्टमर केअर म्हणून गुगलवर खोटा नंबर टाकलेला असतो. फोन केला की गोड बोलतात, कॉम्प्युटर किंवा मोबाईल लांबून चालवायचं ॲप टाकायला लावतात अन् मग दहा रुपये भरून बघा म्हणतात. आपण पिन टाकला की खातं त्यांच्या डोळ्यासमोर. नंबर घ्यायचाच तर यंत्राच्या खोक्यावरचा किंवा कंपनीच्या साईटवरचा घ्या. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सरकारी हेल्पलाईनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची आशा जास्त.

जुन्या मशीनवाल्यांसाठी

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची साथ १४ जानेवारी २०२० ला सोडली अन् विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वाल्या घरगुती मशीनला नोंदणी केल्यास सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची सोय कंपनीने ठेवली. साथ सोडली म्हणजे मशीन बंद पडत नाही. पण पुढे नवीन प्रिंटर किंवा अंगठ्याचं यंत्र घेताना त्याचा ड्रायव्हर तुमच्या विंडोजसाठी आहे का, हे दुकानात पैसे द्यायच्या आधी विचारा. अन् कुणी जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून देतो म्हणालं तर घाई करू नका. त्याला टीपीएम २.० अन् ठराविक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जबरदस्तीने टाकलेल्यात ड्रायव्हरची कटकट वाढू शकते.

शेवटचं सांगतो. पुढच्या वेळी कॉम्प्युटर फॉरमॅटला द्याल तेव्हा दुकानदाराला आधीच सांगा, “भाऊ, ड्रायव्हरचा बॅकअप घेऊन पेन ड्राइव्हमध्ये द्या.” विंडोजमध्ये तशी सोय आहे, त्याला ती माहीत असते. अन् घरी नेण्याआधी दुकानातच आवाज, वायफाय अन् एक प्रिंट काढून बघा. तो पेन ड्राइव्ह सातबाऱ्याच्या फाईलीत ठेवा. आमच्याकडे आता तिथंच असतो.